माथुरसाहेबांची पर्ची

मिरज स्टेशनावर अजमेरची गाडी यायला अर्धा तास होता आणि नाना माझ्या बॅगेवरचं लेबल बदलत होते. घरी चिकटवलेलं लेबल एसटीत घासून पत्त्याची शेवटची ओळ पुसट झाली होती. दुसरं कोणी असतं तर पेनाने गिरवून मोकळं झालं असतं. नानांनी पिशवीतून वही काढली, मागच्या पानावर पत्ता आधी कच्चा लिहून पाहिला, कुठली ओळ कुठे मोडायची ते ठरवलं, आणि मग नव्या लेबलवर तो पक्का लिहिला. आई म्हणाली, "अहो, पोरगी चाललीय एवढ्या लांब. जरा बोला की तिच्याशी." नाना मान वर न करता म्हणाले, "तेच चाललंय." गाडी आली तेव्हा शाई अजून ओली होती. ते त्यावर फुंकर घालत राहिले आणि मी डब्यात चढले. आमचा निरोप हा असा झाला.

नाना इस्लामपूरच्या एका कॉलेजात रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक होते. सगळी नोकरी त्याच एका लांबट खोलीत गेली. मुलांची जर्नल्स तपासायला प्राध्यापक असायचे, पण मुलं आधी नानांना दाखवायची, कारण नानांना घाण लिहिलेलं खपत नसे. मला चौथीपासून त्यांनी दोन वह्या लावल्या, एक कच्ची आणि एक पक्की. "कच्चं कुठंही लिही, कसंही लिही. पक्क्यात खाडाखोड दिसता कामा नये. खाडाखोड दिसली की माणूस गोंधळलेला दिसतो." हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की माझं नाव सांगावं तसं झोपेतही सांगेन.

हे मी कोणासाठी लिहिते आहे, तेही सांगते. इस्लामपुरात राहिलेल्या माझ्या मैत्रिणींना वाटतं की वर्षा जयपूरला मोठी साहेब झाली. त्यांना खरं कळावं. आणि माझ्यासारखेच बी.एस्सी. करून औषधांच्या कारखान्यांमागे बद्दी, अंकलेश्वर, पिथमपूर, हैदराबादला पांगलेले जे आहेत, त्यांना बहुतेक मी न सांगताच अर्धं कळेल.

अजमेरला गाडी बदलून जयपूरला मी आले तेव्हा जगतपुऱ्यात आजच्यासारखे टॉवर नव्हते. दोन मुलींबरोबर एका खोलीत राहायचे आणि टेम्पोने सीतापुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत जायचे. पहिल्या थंडीत नळाचं पाणी हाताला चावायचं. हिंदी मला शाळेत शिकल्याइतकी येत होती, म्हणजे कोणी शिव्या दिल्या तर कळत नव्हत्या. दर रविवारी नानांचा फोन यायचा आणि तब्येत, जेवण झालं की शेवटचा प्रश्न ठरलेला असायचा, "अक्षर कसं आहे?"

कारखाना गोळ्यांचा होता आणि मी तपासणीच्या प्रयोगशाळेत होते. काम सांगायला सोपं आहे. प्रत्येक बॅचमधल्या काही गोळ्या घ्यायच्या, कुटायच्या, नेमकं वजन करून द्रावण बनवायचं, आणि वेष्टनावर जितकं औषध लिहिलंय तितकं गोळीत खरंच आहे का ते यंत्रावर पाहायचं. आकडा मर्यादेत आला की बॅच बाजारात जाते, नाही आला तर अडते. सगळं त्या सुरुवातीच्या वजनावर उभं असतं.

प्रयोगशाळेचे प्रमुख माथुरसाहेब. आदर्श नगरला राहायचे, स्कूटरवरून यायचे, थंडीत स्वेटरवर अ‍ॅप्रन चढवायचे. दुसऱ्याच दिवशी त्यांनी माझी वही उघडली आणि आजूबाजूच्या पाचसहा जणांना बोलावून दाखवली. "देखो. इसे कहते हैं लिखना." त्या प्रयोगशाळेची रीत तेव्हा अशी होती, की काट्यावरचं वजन हाताला लागेल त्या कागदावर टिपायचं, गाळणकागदाच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर, कॅलेंडरच्या पाठीवर. त्याला म्हणायचे पर्ची. संध्याकाळी पर्च्या समोर ठेवून वही भरायची आणि पर्च्या फाडून टाकायच्या. मला काही वेगळं शिकावंच लागलं नाही. मी तर हे चौथीपासून करत होते. इतक्या दूर येऊन पाहावं तर नानांचीच प्रयोगशाळा, फक्त बोली वेगळी. मला फार बरं वाटलं होतं, ते मी विसरणार नाही.

माझं अक्षर पाहून बाकीचेही त्यांच्या पर्च्या माझ्याकडे द्यायला लागले. "वर्षाजी, ज़रा मेरा भी फ़ेयर कर दो ना." मी करायचे. बाहेरचा कोणी खरेदीदार पाहणीला आला की माथुरसाहेब माझीच वही पुढे करायचे. वहीच्या प्रत्येक पानाखाली 'तपासले' असं लिहिलेली एक जागा असते. तिथे ते सही करायचे, वजन होताना समोर असोत किंवा नसोत. आम्हाला कोणालाच त्यात वावगं दिसत नव्हतं. विश्वास होता, एवढंच.

माथुरसाहेबांना मूल नव्हतं. होळी-दिवाळीला मी त्यांच्याकडे असायचे. आंटीजी, म्हणजे त्यांच्या पत्नी, दारातून कोणाला चहाशिवाय जाऊ द्यायच्या नाहीत. मीटर पाहायला आलेला माणूसही त्या घरी कपबशी घेऊन ओट्यावर बसलेला मी पाहिलाय. माझं लग्न ठरलं तेव्हा मुलाला आधी त्यांनी पाहिलं. संजय मूळचा साताऱ्याचा, विमा कंपनीत अधिकारी, बदलीवर जयपूरला आलेला. आम्ही वैशाली नगरला फ्लॅट घेतला आणि मग दोघांनीही बदल्या आणि बढत्या अशा जुळवल्या की हलावं लागलं नाही. मुलगी झाली, ईरा. ती मराठी बोलते, पण वाक्य 'मतलब'ने सुरू करते आणि नानांना 'नानाजी' म्हणते. नाना हसतात, पण त्यांना ते आवडत नाही.

मधल्या काळात आमचा धंदा पार बदलला. मालकांनी माल परदेशी पाठवायचं ठरवलं. जुन्या शेडच्या जागी बंद खिडक्यांची इमारत आली, दोन दारांमधून, बूट-टोपी बदलून आत जायचं. संगणकात आकडा एकदा गेला की पुसता येईना. कोणी काय उघडलं, कधी उघडलं, सगळं तो लक्षात ठेवायला लागला. शेजारचे लहान कारखाने हे सगळं झेपेना म्हणून बंद पडले. तिथली माणसं बायोडेटा घेऊन आमच्या गेटवर यायची. त्यांतले काही माझ्यापेक्षा दुप्पट अनुभवाचे होते.

आणि आम्हाला नव्याने लिहायला शिकवलं. अहमदाबादहून एक तरुण मुलगा प्रशिक्षण द्यायला आला होता. त्याचं म्हणणं असं, की जे केलं ते त्याच क्षणी, त्याच पानावर लिहायचं. चुकलं तर एकच रेघ मारायची, अशी की खालचा चुकलेला आकडा वाचता आला पाहिजे. शेजारी सही आणि तारीख. पर्ची हा गुन्हा. खोडरबर आणि पांढरी शाई इमारतीत आणायचीच नाही. कारण उतरवून काढलेली सुंदर वही म्हणजे कोणीतरी काहीतरी लपवल्याची खूण आहे. माथुरसाहेब मागच्या बाकावरून हसून म्हणाले, "मतलब अब रफ़ ही फ़ेयर है." सगळे हसले. मी हसले नाही. माझ्या आयुष्यभराच्या नीटनेटकेपणाला त्या पोराने लबाडी म्हटलं होतं आणि मला त्याचा मनापासून राग आला होता.

मला ते जमलंच नाही. जमवलंच नाही, असं म्हणायला हवं. समोर कोरं पान आणि त्यावर एकदम पक्कं लिहायचं म्हटलं की हात थबकायचा. न विंचरता घराबाहेर पडायला सांगितल्यासारखं वाटायचं. तीनचार महिने प्रयत्न केला, मग अ‍ॅप्रनच्या खिशात पुठ्ठ्याचा तुकडा ठेवायला लागले. काट्यावरचं वजन त्यावर टिपायचं, दोन मिनिटांनी वहीत उतरवायचं, तुकडा फाडून कचऱ्यात टाकायचा. बाकी सगळ्यांनी सवय मोडली होती. मोडली नव्हती ती फक्त मी. माथुरसाहेबांनी एकदोनदा पाहिलं आणि नुसतं बोट हलवलं. त्यांना माझी वही आवडायची.

परदेशी तपासनीस आले तेव्हा ईरा तीन वर्षांची होती. तिघे जण होते. दोघे कागद पाहत बसले आणि तिसरी, साधारण माझ्याच वयाची एक बाई, थेट प्रयोगशाळेमागच्या कचऱ्याच्या पिशव्यांकडे गेली. हातमोजे घालून तिने पिशवी उलटी केली. दुपारी सभागृहाच्या टेबलावर पुठ्ठ्याचे चार तुकडे चिकटपट्टीने जोडून ठेवलेले होते. त्यावर बॅचचा नंबर आणि पाच वजनं. शेजारी माझी वही उघडलेली. चार वजनं जुळत होती. पाचवं पुठ्ठ्यावर २०३.१ होतं आणि वहीत २०१.३.

मी मुद्दाम बदललेलं नव्हतं. हे इथे शपथेवर सांगते, कारण तेव्हा सांगितलं नाही. उतरवताना दोन आकडे उलटसुलट झाले, घाईत कोणाचेही होतात तसे. पण त्या बाईने तिथेच खऱ्या वजनाने हिशेब करून दाखवला. वहीतलं वजन खऱ्याहून कमी, म्हणून औषधाचं प्रमाण जास्त दिसून ती बॅच जेमतेम पास होत होती. खऱ्या वजनाने नापास होत होती. रक्तदाबाच्या गोळ्या होत्या आणि बॅच केव्हाच जहाजात चढली होती. आकडा चुकला आणि तोही नेमका कारखान्याच्या फायद्याचा चुकला, हे कोण मानणार?

तिने विचारलं, "ही पर्ची कोणाची?"

टेबलाभोवती आम्ही आठजण होतो. मी तोंड उघडणार होते की नाही, हे मला आजही नक्की सांगता येत नाही, आणि त्याचीच मला सगळ्यात जास्त लाज वाटते. त्याआधीच माथुरसाहेब बोलले. त्यांनी इंग्रजीत, शांतपणे सांगितलं की वजन मी केलं, पर्ची मी लिहिली, आकडा मी चुकीचा वाचून दाखवला, या मुलीने ऐकलं तसं लिहून घेतलं. मग माझ्याकडे पाहून त्यांनी मान किंचित हलवली. बोलू नकोस, अशी.

मी बोलले नाही. मला त्या क्षणी दुःख झालं नाही. सुटले, असं वाटलं. संध्याकाळी ईराला पाळणाघरातून घेताना मी तिच्याशी नेहमीसारखी बोबडं बोलले.

बॅच परत मागवली गेली. त्यातल्या किती गोळ्या कोणाच्या पोटात आधीच गेल्या होत्या, ते मला माहीत नाही आणि कळायचा मार्गही नाही. परदेशी जाणारा माल वर्षभर बंद राहिला. माथुरसाहेबांच्या निवृत्तीला दोन वर्षं उरली होती. त्यांनी प्रकृतीचं कारण देऊन राजीनामा दिला. निरोप समारंभ झाला नाही. ते आपला डबा आणि छत्री घेऊन गेले, आणि सहा महिन्यांनी त्यांची खुर्ची मला मिळाली. नानांना फोनवर बढतीचं सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "बघ. नीट लिहिण्याचं चीज झालं."

एकदा मी माथुरसाहेबांकडे गेले होते. त्यांनी दारातच सांगितलं, "उस बात का ज़िक्र इस घर में नहीं होगा." आंटीजींनी चहा दिला, पण स्वतःच्या नवऱ्याशी त्या माझ्यादेखत तुटक बोलल्या. त्यांना वाटत होतं की या माणसाने म्हातारपणी निष्काळजीपणा केला, नोकरी आणि इज्जत घालवली. मी चहा प्यायले आणि आले. पुढे जाणं कमी केलं, मग थांबवलं. जयपूर मोठं शहर आहे, वैशाली नगर ते आदर्श नगर लांब पडतं, अशी कारणं मी संजयला द्यायचे.

यापुढचं लिहायला मला फार जड जातंय. खुर्ची मिळाली तसं नव्या मुलांना प्रशिक्षण देण्याचं कामही माझ्याकडे आलं. मुख्य कार्यालयाने स्लाइड्स तयार करून पाठवल्या होत्या. त्यांतली सातवी आमच्या कारखान्याच्या प्रकरणावर होती. चिकटपट्टीने जोडलेल्या पुठ्ठ्याचा फोटो, आणि वर मथळा, 'माथुर केस'. सहा-साडेसहा वर्षं मी ती स्लाइड दाखवली. माझ्या स्वतःच्या हातचे आकडे भिंतीवर माणसाएवढे मोठे करून दाखवायचे आणि त्याखाली त्यांचं नाव. मुलांनी माथुरसाहेबांना पाहिलेलंही नव्हतं, पण कोणाच्या खिशात चिठ्ठी दिसली की म्हणायची, "अरे, माथुर साहब बनेगा क्या?"

गेल्या वर्षी सीकरची निकिता नावाची मुलगी होती त्या वर्गात. हुशार, पुढच्या बाकावर बसणारी. सातव्या स्लाइडवर तिने हात वर केला. "मैम, इतने सीनियर आदमी थे. बेईमान थे क्या?"

मी म्हटलं, "पता नहीं. आगे चलें?" आणि आठवी स्लाइड लावली.

सभागृहात मी गप्प राहिले होते, त्याला निदान भीतीचं कारण होतं. या वेळी कसलीही भीती नव्हती. विचारणारी बावीस वर्षांची पोर होती.

त्याच महिन्यात आईच्या वर्षश्राद्धाला इस्लामपूरला गेले. सगळं आटोपल्यावर दुपारी नाना ओसरीवर बसले होते. अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, पण पाठ अजून ताठ. मी जवळ बसले आणि सुरुवातीपासून सगळं सांगितलं. पर्ची, दोन आकडे, माथुरसाहेब, सातवी स्लाइड. सांगून झालं तेव्हा नाना समोरच्या तुळशीकडे बघत होते.

"चूक माझी आहे," ते म्हणाले. "मीच लावली ती सवय."

"नाही हो नाना."

"माझीच आहे. मी कळवतो तुझ्या कंपनीला. लिहितो तसं, की मुलीला लहानपणापासून मीच असं शिकवलं. कागद आण बरं. आधी कच्चं करून घेतो."

मला हसू फुटलं आणि त्या हसण्याचंच रडू झालं. नाना गोंधळून माझ्या पाठीवरून हात फिरवत होते. तेव्हा कळलं, की जयपूरला एक म्हातारा आणि इथे एक म्हातारा, दोघेही माझी चूक स्वतःच्या डोक्यावर घ्यायला तयार बसलेत आणि मी चाळिशी उलटून गेले तरी ती घेऊ देतेय. त्यांनी लाडाने दिलेलं मी निमूट घेत गेले, हेच माझं करिअर. मी नानांना म्हटलं, "कागद नको. ही माझी आहे, माझ्याकडेच राहू द्या." नाना म्हणाले, "नोकरी जाईल." मी म्हटलं, "जाईल."

परत आल्यावर संजयला सांगितलं. तिसऱ्या दिवशी तो फक्त एवढंच म्हणाला, "ईराला तू स्वतः सांग. बाहेरून कळायला नको." मी सांगितलं. तिने विचारलं, "मतलब, तू चीटिंग केलंस?" मी म्हटलं, आकडे चुकले ते चीटिंग नव्हतं, नंतर गप्प बसले ते होतं.

पुढच्या सोमवारी नव्या तुकडीच्या वर्गात सातवी स्लाइड आली. तीसेक मुलं होती, निकितालाही मी मुद्दाम बोलावलं होतं. मी म्हटलं, "यह पर्ची मेरी है. माथुर साहब ने यह वज़न नहीं किया था, मैंने किया था. उन्होंने मुझे बचाया और मैं चुप रही. तुमने पूछा था वो बेईमान थे क्या. नहीं थे." निकिताने वही मिटली आणि खाली बघत बसली. मग मी माझ्या खोलीत जाऊन कंपनीला जबाब लिहिला, एकदम, थेट त्या कागदावर. दोन ठिकाणी चुकले. रेघ मारली, सही केली, तारीख घातली.

मुख्य कार्यालयातून दोघे आले. चौकशी रीतसर झाली. ते माझ्याशी सभ्यपणे वागले, पण पहिल्याच दिवशी माझा सहीचा अधिकार काढून घेतला. आमच्या धंद्यात त्यानंतर माणूस खुर्चीवर बसला काय आणि न बसला काय. महिन्याभराने राजीनामा मागितला आणि मी दिला. स्लाइडवरचं नाव काढून टाकलं. माथुरसाहेबांना कंपनीने दोन ओळींचं पत्र पाठवायचं कबूल केलं, पण त्या पत्राआधी मला आदर्श नगरला पोहोचायचं होतं.

मी रविवारी सकाळी गेले. दार आंटीजींनी उघडलं. "अरे! इतने साल बाद!" म्हणून हात धरून आत नेलं. माथुरसाहेब पेपर वाचत होते, थकलेले दिसत होते. मी बसलेही नाही, उभ्याउभ्याच दोघांसमोर सांगून टाकलं. वर्गात काय बोलले, जबाबात काय लिहिलं, सगळं.

माथुरसाहेबांनी पेपरची घडी केली. मला वाटलं होतं ते म्हणतील, अच्छा किया बेटा. ते म्हणाले, "एक ही चीज़ दी थी तुझे. वो भी लौटा दी." त्यांच्या आवाजात राग नव्हता, आणि म्हणून ते मला जास्त लागलं. मी म्हटलं, "सर, वो चीज़ आपकी थी. आपका नाम था." त्यांनी तोंड खिडकीकडे वळवलं.

आंटीजी एकदा त्यांच्याकडे आणि एकदा माझ्याकडे पाहत होत्या. मग उठून आत गेल्या. मला वाटलं, चहा टाकताहेत. पंधरा मिनिटं झाली, वीस झाली. त्या घरातून चहा न मिळता परत फिरलेली मी पहिलीच.

पुढच्या रविवारी पुन्हा गेले. संजय म्हणाला, "कशाला स्वतःचा अपमान करून घेतेस?" त्याला समजावता आलं नाही. आंटीजींनी दार उघडलं, ते उघडंच ठेवून आत निघून गेल्या. माथुरसाहेबांशी हवापाण्याच्या चार गोष्टी बोलून मी आले. कंपनीचं पत्र तोवर पोहोचलं होतं, टेबलावर पडलेलं दिसलं.

तिसऱ्या खेपेला आंटीजी फुटल्या. दारातच. "सात साल! सात साल मैंने इस आदमी को ताने दिए! रिश्तेदारों के सामने, खाने की थाली पर, कहाँ-कहाँ नहीं सुनाया! और तू मेरे हाथ की चाय पीकर चली गई थी! शर्म नहीं आई?" शेजारच्या गच्चीवर कपडे वाळत घालणारी बाई थांबून बघायला लागली. आंटीजींना पर्वा नव्हती. त्या रडत होत्या आणि ओरडत होत्या. कधी हिंदी, कधी जयपूरकडची त्यांची ढूंढाडी बोली, त्यातलं अर्धं मला कळलंही नाही. मी मान खाली घालून उभी होते. आई गेल्यापासून मला असं कोणी ओरडलं नव्हतं.

आणि तिथे उभी असताना माझ्या मनात आलं, की वीस वर्षांत या शहरात माझ्यावर कोणी रागावलंच नव्हतं. सगळे 'वर्षाजी, वर्षाजी' करत गोड बोलायचे. परक्यावर कोण रागावतं? मी नानांना दरवेळी सांगायचे की इथे माणसं फार चांगली आहेत, पण घर काही वाटत नाही. घर वाटायला मी कोणाला काही खरं दिलंच नव्हतं. सुंदर उतरवून काढलेली वही तेवढी दाखवत होते.

आंटीजी दमल्या. पदराने तोंड पुसलं. मी निघण्यासाठी वळले तशा मागून म्हणाल्या, "मंगल को आना. अभी मेरी बात पूरी नहीं हुई."

संध्याकाळी नानांचा फोन आला. पुढच्या महिन्यापासून मला विश्वकर्मा औद्योगिक वसाहतीतल्या एका लहानशा तपासणी प्रयोगशाळेत काम मिळालंय, साध्या विश्लेषकाचं, काट्यासमोर उभं राहण्याचं, हे अजून त्यांना सांगायचं होतं. त्यांनी ते ऐकायच्या आधीच सुरुवात केली. "नोकरी सुटली ना? संजयरावांची बदली मागता येईल, ईराची शाळा इथं बघू. चंबूगबाळं आवरा आणि या घरी सगळे."

मी म्हटलं, "नाना, मंगळवारी माथुरकाकूंकडे जायचंय. त्यांचं बोलून संपलेलं नाही अजून."

"अजून रागावल्यात?"

"खूप."

नाना म्हणाले, "मग येऊ नकोस. जा तिकडं. आणि खाली बसून ऐक सगळं."